लुटुपुटूची कुस्ती, खरी दुखापत

आमच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर दूरचित्रवाणी संचासमोर एक वाद हटकून रंगतो. पडद्यावर अमेरिकन मल्ल एकमेकांना उचलून आपटत असतात आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतो, "अरे, सगळे खोटे असते ते!" लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, इतक्या उंचीवरून पडलेला माणूस उठतो कसा? तेव्हा खोटेच. दुसरा म्हणतो, रक्त दिसते आहे की! तेव्हा खरेच. हा वाद कधी निकाली लागत नाही, कारण मुळात प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, ही गोष्ट आता तिचे चालकही लपवीत नाहीत. विचारण्याजोगा प्रश्न असा की, निकाल ठरलेला असताना माणसे जायबंदी का होतात आणि क्वचित प्राणासही का मुकतात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा कॅनडातील हार्ट बंधूंच्या कहाणीच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तांबडी माती, हलगीचा कडकडाट, वस्तादांची करडी नजर आणि कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहते. तेथे मल्ल आधी सलामी देतात आणि मग एकमेकाला चीत करण्यासाठी जिवाचे रान करतात. संगनमताने लढलेल्या कुस्तीला आपण 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडतो. अमेरिकेत मात्र या नुरा कुस्तीचाच एक मोठा धंदा उभा राहिला. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या फिरत्या जत्रांमध्ये सापडते. खऱ्या कुस्त्या तासन्तास चालत, प्रेक्षक कंटाळत. तेव्हा लढत रंगतदार करावी, निकाल आपसांत ठरवावा आणि पुढच्या गावी पुन्हा तिकिटे खपवावीत, अशी पद्धत पडत गेली. आपल्याकडे मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना जी गर्दी लोटे, ती पाहिलेल्या पिढीला या प्रकाराची थोडीफार ओळख आहेच.

या धंद्याची स्वतःची एक सांकेतिक भाषा आहे. सारे काही खरे आहे असे बाहेरच्यांना भासवत राहण्याच्या शिस्तीला 'केफेब' म्हणतात. ठरवून केलेल्या गोष्टीला 'वर्क' आणि खरोखर घडलेल्या गोष्टीला 'शूट' म्हणतात. नायक तो 'बेबीफेस', खलनायक तो 'हील'. कोण जिंकणार, कोण हरणार, हे ठरवणारा तो 'बुकर'. आपल्या नाटक कंपनीतल्या मालकाने भूमिका वाटून द्याव्यात, तसेच हे काम. प्रतिस्पर्ध्याचा फटका फार लागला असे दाखवण्याच्या अभिनयाला 'सेलिंग' म्हणतात. या कोशात एकच शब्द असा आहे की ज्याच्यात अभिनय फारसा चालत नाही. तो शब्द म्हणजे 'बम्प', अर्थात आपटणे.

रिंगणाची जमीन गादीची असते, ही आपली एक गोड समजूत. प्रत्यक्षात लोखंडी चौकटीवर लाकडी फळ्या, त्यांवर स्पंजाचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास, एवढाच तिचा पसारा. पडण्याचे शास्त्र असे की हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा आणि पाठीचा जास्तीत जास्त भाग एकाच वेळी सपाट टेकवायचा, म्हणजे हादरा एका जागी न साठता अंगभर वाटला जातो. हे शिकायला महिनोन्‌महिने लागतात. शिकल्यावरही हादरा नाहीसा होत नाही. तो फक्त सोसण्याजोगा होतो. आणि तो एकदा नव्हे, वर्षातून शेकडो वेळा सोसावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुष्कळशा डावांत मल्लाचे रक्षण त्याच्या स्वतःच्या हाती नसतेच. 'पाइलड्रायव्हर' नावाचा डाव घ्या. एक मल्ल दुसऱ्याला खाली डोके वर पाय असा धरतो आणि धपकन खाली बसतो किंवा गुडघ्यांवर टेकतो. पाहणाऱ्याला वाटते, डोके जमिनीवर आदळले. वास्तविक ते मांड्यांच्या आड, जमिनीपासून वर राहिलेले असते. पण ते किती वर राहील, हे ज्याचे डोके त्याने नव्हे, तर ज्याने धरले त्याने पाहायचे असते. येथे प्रतिस्पर्धी हाच रक्षक असतो. म्हणूनच या धंद्यातल्या जाणत्यांमध्ये 'मी किती जिंकलो' याला मान नसतो, कारण जिंकणे बुकरच्या हातचे असते. 'माझ्या हातून समोरच्याला इजा झाली नाही' ही खरी प्रतिष्ठा असते.

रंगपटात वितुष्ट आले तर काय होईल, हे यावरून ध्यानात यावे. नाटकात दोन नटांचे पटत नसेल तर फार तर प्रवेश पडतो. येथे मान मोडू शकते.

आता हार्ट कुटुंबाकडे वळू. कॅनडातील कॅल्गरी शहरी स्टू हार्ट हे जुने मल्ल राहत. 'स्टॅम्पीड रेसलिंग' ही त्यांची कुस्ती कंपनी. त्यांच्या घराच्या तळघरात तालीम होती. तिला सगळे 'डंजन', म्हणजे अंधारकोठडी, म्हणत. स्टू यांना बारा मुले. त्यांतील ब्रेट आणि सर्वांत धाकटा ओवेन हे दोघे पुढे अमेरिकेच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या बलाढ्य कंपनीत नावारूपाला आले. (या कंपनीचे नाव २००२ मध्ये बदलून वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट झाले.) आपण कधीही कोणाला गंभीर जखमी केले नाही, हा ब्रेटचा अभिमानाचा विषय होता.

३ ऑगस्ट १९९७ च्या रात्री न्यू जर्सी राज्यात कंपनीचा मोठा कार्यक्रम होता. ओवेनची लढत स्टीव्ह ऑस्टिन या वेगाने लोकप्रिय होत चाललेल्या मल्लाशी होती. ओवेनने पाइलड्रायव्हर घातला आणि तो खाली बसला. ऑस्टिनचे डोके जितके वर राहायला हवे होते तितके राहिले नाही. मान दबली, मज्जारज्जूला धक्का पोचला आणि ऑस्टिनला काही काळ हातपायच हलवता येईनात. ओवेनच्या ते लक्षात आले. त्याने प्रेक्षकांना डिवचत, आरडाओरड करत वेळ काढला. ठरलेला निकाल ऑस्टिनच्या विजयाचा होता. अखेर ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, त्याने मागून ओवेनला गुंडाळल्यासारखे केले आणि पंचाने तीन अंक मोजले. जिंकणाऱ्याला उभे राहायला दुसऱ्यांचा आधार घ्यावा लागला. ऑस्टिन पुढे कंपनीचा सर्वांत मोठा तारा झाला. पण त्या मानेने त्याची पाठ सोडली नाही. २००० मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये त्याला नियमित कुस्ती थांबवावी लागली. ओवेनने हे मुद्दाम केले नव्हते, पण दोघांच्या संबंधांत पूर्वीचा मोकळेपणा राहिला नाही.

त्याच रात्री थोरला भाऊ ब्रेट याने कंपनीचे सर्वोच्च विजेतेपद मिळवले होते, म्हणजे ते त्याला देण्यात आले होते. पण पडद्यामागे हवा बिघडत चालली होती. ब्रेट आणि शॉन मायकेल्स या दोन अग्रगण्य मल्लांमध्ये वैर होते, आणि ते केवळ पडद्यापुरते नव्हते. जून १९९७ मध्ये रंगपटात त्यांची खरीखुरी हातापायी झाली होती. दुसरीकडे कंपनीचे मालक विन्स मॅकमहन आर्थिक ओढाताणीत होते. टेड टर्नर यांच्या मालकीची प्रतिस्पर्धी कंपनी प्रेक्षक खेचत होती. १९९६ मध्ये मॅकमहन यांनी ब्रेटशी वीस वर्षांचा करार केला होता. वर्षभरातच तो परवडत नाही असे सांगून त्यांनी त्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीक दिली. ब्रेटने प्रतिस्पर्धी कंपनीशी बोलणी पक्की केली. आता पेच असा पडला की जाण्यापूर्वी पट्टा कोणाकडे आणि कसा सोपवायचा?

९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे ब्रेट विरुद्ध शॉन मायकेल्स अशी लढत ठरली. कॅनडाच्या भूमीवर, आपल्याच माणसांदेखत, मायकेल्सकडून हरायला ब्रेट तयार नव्हता. शेवटच्या काळात आपल्या भूमिकेविषयी मत देण्याचा हक्क त्याला कराराने होता. लढत गोंधळात निकालाविना संपावी आणि पट्टा नंतर सन्मानाने सोडावा, असे ठरल्याचे त्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात निराळेच घडले. मायकेल्सने ब्रेटचाच आवडता 'शार्पशूटर' हा पेच ब्रेटवर बांधला. ब्रेट त्यातून सुटण्याच्या बेतात होता. तोच रिंगणाजवळ उभ्या असलेल्या मॅकमहन यांनी घंटा वाजवण्याचा हुकूम सोडला. पंच अर्ल हेब्नर याने ब्रेट शरण आल्याचा निर्णय देऊन टाकला. ब्रेटने शरणागती पत्करलीच नव्हती. क्षणभर त्याला काही उमगेना. मग उमगले, आणि तो मालकाच्या तोंडावर थुंकला. नंतर रंगपटात त्याने मॅकमहन यांना ठोसा मारला. हा ठोसा मात्र 'शूट' होता.

या प्रसंगाला 'माँट्रियलचा दगा' म्हणून ओळखतात. आधीच लुटुपुटूची असलेली कुस्ती, तिच्यात फसवणूक झाली म्हणून एवढा गहजब कशाला, असे आपल्याला वाटेल. पण जरा विचार करावा. ब्रेटने त्या पेचात पडून आपले शरीर मायकेल्सच्या स्वाधीन केले होते, ते काय ठरले आहे यावर भरवसा ठेवून. तो भरवसा हाच या कलेचा पाया. त्या रात्री मालक, पंच आणि प्रतिस्पर्धी या तिघांनी मिळून तो काढून घेतला. ब्रेटला इजा झाली नाही, पण प्रत्येक मल्लाला एक गोष्ट कळून चुकली: रिंगणात आपण सांगितल्याप्रमाणे वागलो तरी इतर वागतीलच असे नाही. पुढचा भाग तर अधिकच विचित्र आहे. हा खरा संताप कंपनीने विकायला काढला. मॅकमहन पडद्यावर दुष्ट मालकाची भूमिका करू लागले आणि ती अफाट गाजली. रंगपटातले भांडण हाच खेळ झाला.

ब्रेट गेला, ओवेन कराराने तिथेच राहिला. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनामध्ये त्याला 'ब्लू ब्लेझर' नावाच्या विनोदी मुखवटाधारी वीराची भूमिका करायची होती. या वीराने छतावरून दोराने खाली यायचे, जमिनीजवळ पट्ट्यांत अडकल्यासारखे करायचे, मग स्वतःला सोडवून तोंडघशी पडायचे आणि लोकांनी हसायचे, अशी योजना होती. पट्ट्यांतून झटकन सुटता यावे म्हणून चटकन उघडणारी कडी बसवली होती. ओवेन उंचावर असतानाच ती कडी उघडली. सुमारे ७८ फुटांवरून तो दोरखंडाच्या कोपऱ्यालगत आदळून रिंगणात पडला. त्याचे वय होते अवघे ३४.

घरी बसलेल्या प्रेक्षकांना त्या क्षणी पडद्यावर आधी चित्रित केलेला भाग दिसत होता. समालोचक जिम रॉस यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले की हा करमणुकीचा भाग नाही, हे खरे आहे. सभागृहातल्या अनेकांना मात्र हीदेखील एक युक्तीच वाटली. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. येथे तर मल्लाचे कौशल्यच असे की, विव्हळण्याचा अभिनय जितका उत्तम, तितका खऱ्या विव्हळण्यावर कोणाचा विश्वास कमी. या अडचणीमुळेच पंचांनी एक खूण ठरवून घेतलेली आहे. दुखापत खरी असेल तर पंच दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो. पडद्यामागच्या माणसांनी त्यावरून समजायचे की नाटक थांबले.

कॅन्सस सिटीत मात्र नाटक थांबले नाही. ओवेनला रुग्णालयात नेले आणि थोड्या वेळाने कार्यक्रम पुढे सुरू झाला. त्याचा मित्र आणि जोडीदार जेफ जॅरेट याला पुढच्याच लढतीसाठी रिंगणात जावे लागले. ओवेन गेल्याचे घरच्या प्रेक्षकांना रात्री उशिरा कळले; सभागृहात जमलेल्यांना ते सांगितलेच गेले नाही. त्याची पत्नी मार्था यांनी दावा लावला आणि २००० मध्ये १ कोटी ८० लाख डॉलर्सवर तडजोड झाली. कंपनीच्या मानकऱ्यांच्या यादीत ओवेनचे नाव घालण्यास त्यांनी पुढेही सतत विरोध केला.

आता ब्रेटचे काय झाले ते पाहू. १९ डिसेंबर १९९९ रोजी नव्या कंपनीच्या एका लढतीत गोल्डबर्ग या मल्लाची लाथ त्याच्या डोक्याला लागली आणि मेंदूला जबर हादरा बसला. पुढेही काही आठवडे तो खेळतच राहिला. २००० मध्ये त्याची कारकीर्द संपली आणि २००२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर दुसऱ्याला जपणाऱ्या मल्लाचा शेवट दुसऱ्याच्या चुकीने व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

पण सारे दैवावर ढकलून चालणार नाही. डोक्याला मार लागल्यावर ब्रेट का खेळला? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या एकट्याच्या स्वभावात नाही, धंद्याच्या रचनेतही आहे. अमेरिकेत सिनेनटांची संघटना १९३३ पासून आहे. बेसबॉल, फुटबॉलच्या खेळाडूंच्याही संघटना आहेत. कुस्तीगिरांची नाही. कायद्याच्या भाषेत ते कंपनीचे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार आहेत, आणि आजही ही स्थिती बदललेली नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या मल्लाने सहकाऱ्यांपुढे संघटनेची कल्पना मांडली होती, ती तिथेच विरली. हाच व्हेंचुरा पुढे मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. पण मल्लांची संघटना काही झाली नाही. १९८९ मध्ये तर आणखी एक मासलेवाईक प्रकार घडला. न्यू जर्सी राज्यात कुस्तीवर क्रीडा-मंडळाचे नियंत्रण होते. परवाने, लढतीपूर्वी वैद्यकीय तपासणी आणि कर अशी बंधने होती. त्यांतून सुटण्यासाठी कंपनीने स्वतःच आमदारांपुढे कबूल केले की आमची कुस्ती ही स्पर्धा नसून निव्वळ करमणूक आहे. ज्या गुपितासाठी मल्लांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडे शिवली, ते मालकांनी नियम चुकवण्यासाठी सहज उघड केले. खेळाडू नव्हे म्हणून वैद्यकीय तपासणी नाही, आणि नट असूनही नटांची संघटना नाही, अशी मल्लाची त्रिशंकू अवस्था झाली. दुखापत सांगावी तर जागा जाते, भूमिका दुसऱ्याला मिळते. म्हणून ती लपवावी, गोळ्या घ्याव्यात आणि पुन्हा आपटावे.

परिणाम दिसायचे ते दिसले. ४ ऑक्टोबर १९९९ रोजी ब्रेटने, ज्या केम्पर अरीनामध्ये ओवेन गेला तिथेच, त्याच्या स्मरणार्थ एक लढत केली. समोर क्रिस बेन्वा होता, हार्ट घराण्याच्या तालमीच्या परंपरेतलाच मल्ल. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यात डॅरेन ड्रॉझडॉव्ह या मल्लाची मान एका फसलेल्या डावात मोडली आणि तो कायमचा लुळा झाला. त्याने डी'लो ब्राउन या आपल्या प्रतिस्पर्ध्याला कधीही दोष दिला नाही. २०२३ मध्ये तो वारला. बेन्वाची अखेर तर सांगवत नाही. जून २००७ मध्ये त्याने पत्नी आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या आघातांनी झालेली गंभीर हानी आढळली. त्या कृत्याचे खापर केवळ आघातांवर फोडता येणार नाही, हे खरे. पण ती हानी नजरेआड करणेही त्यानंतर कोणाला शक्य राहिले नाही. २०१० मध्ये कंपनीने डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली. उत्तेजक औषधांची तपासणी २००६ पासून सुरू झालीच होती, तीही एडी गेरेरो या लोकप्रिय मल्लाच्या २००५ मधील अकाली मृत्यूनंतर. प्रत्येक नियमामागे आधी एक प्रेत, असा हा क्रम आहे.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५७ च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात कुस्तीच्या खेळावर निबंध लिहिला आहे. प्रेक्षकाला निकाल खरा की खोटा याच्याशी कर्तव्य नसते. त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची चिन्हे स्पष्ट दिसायला हवी असतात, असे त्याचे प्रतिपादन. साहित्याच्या विद्यार्थ्याला ते पटते. आमच्या वसतिगृहातला वाद बार्थ एका वाक्यात मिटवू शकेल. परंतु ओवेनची हकीकत वाचल्यावर मला त्याच्या पुढे एक शंका येते. चिन्ह पाहणारा प्रेक्षक सुरक्षित असतो. चिन्ह होणाऱ्याला मात्र हाडामांसाचे शरीर असते. त्या शरीराचा हिशेब कोणी ठेवायचा?

जानेवारी २०१० मध्ये ब्रेट आणि शॉन मायकेल्स बारा वर्षांनी पुन्हा एका रिंगणात उभे राहिले आणि त्यांनी हस्तांदोलन केले. तोही कार्यक्रमाचाच भाग होता, कॅमेरे चालूच होते. तरी ते मनापासून होते असे दोघांनीही पुढे सांगितले आहे. आपल्या आखाड्यात हात मिळवून कुस्ती सुरू होते. या दोघांची कुस्ती त्या दिवशी हात मिळवून संपली.

आता आमच्या वसतिगृहात मागच्या बाकावरून "सगळे खोटे असते ते!" असे कोणी म्हणाले, तर मी वाद घालीत नाही. एवढेच म्हणतो की, निकाल खोटा असतो. पडणे खोटे नसते. आणि पडणाऱ्याला झेलणारा हात विश्वासाचा आहे की नाही, हे घंटा वाजण्यापूर्वी रंगपटातच ठरलेले असते.